हिरवं लुगडं

लेकीच्या बाळंतपणाला पुलगावला निघताना
एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने बसचा दांडा धरून
कौतिका सांगत होती:
ढेप रातीच भिजू घालजो.
वगारीले आंधी दोन थानं सोडजो, मंग बसजो.
खुडूक कोंबडीले उठवजो नोको,
अकरा अंडे आहेत, कोयशानं खूण केली हाये.
अन् बकरीचा कान पाहाजो, हळद लावजो...
कंडक्टरने घंटी मारली.
माझ्याबद्दल काही सांगायचं
बहुतेक राहून गेलं.

पहिल्या दिवशी म्हशीने माझ्याकडे पाहिलं,
पटवाऱ्याकडे पाहतात तसं.
गंजात पावशेर, तेही फेसासकट.
दुसऱ्या दिवशी लाथ.
गंज लोळत गेला उकिरड्यापर्यंत,
कुत्रं धावलं, आणि एक मांजर,
जे आमच्या सांदवाडीत
आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ढेप वाढवली,
कुटारावर मूठभर गूळ कुस्करला.
सगळं खाल्लं तिने. नाकपुड्यांवरून जीभ फिरवली.
आणि पान्हा चोरला,
सासूने फडताळाची किल्ली कमरेला खोचावी तसा.

अनसूयाबाई कुडापलीकडून म्हणाली,
"भाऊ, लुगडं नेसा तिचं.
ढोर माणूस नाही ओयखत, लुगडं ओयखते."

दोरीवर होतंच. जुनं, हिरवं,
काठाला वाळलेल्या शेणाची चार बोटं.
गुंडाळलं कसंबसं धोतरावरून,
पदर डोक्यावर, मिशा पदरात.
पहाटेच आखराकडे निघालेला ढोरकी
थबकून म्हणाला, "वहिनी, कवा आल्या?"
मी बारीक आवाजात हुंकार दिला.

म्हैस मात्र एवढ्याने फसणारी नव्हती.
कान हलवला. वाट पाहत राहिली.
कशाची, ते मला कळेना.

"बोला ना तिच्यासंग," पुन्हा कुडापलीकडून,
"कौतिका तं रोज बोलते, अर्धा अर्धा घंटा."

एकतीस वर्षं झाली लग्नाला.
त्या वेळी मी खाटेवर असायचो,
आणि कोठ्यातून येणारी कुजबुज
मला धारेचाच आवाज वाटायची.

म्हशीशी काय बोलावं?
ढेपीचा भाव सांगितला.
तिसरा वेचा अजून पऱ्हाटीवरच आहे, हे सांगितलं.
दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं, तेही.
मग विषय संपले.
बराच वेळ कपाळ तिच्या कुशीला टेकवून बसलो,
आणि म्हणालो,
फोनवर सगळं बरं आहे म्हणते,
पण लवकर ठेवते.

तेव्हा कास सैल झाली.

कोंबडीने नऊ पिल्लं काढली.
उरलेली दोन अंडी पाण्यात टाकून पाहिली, तरंगली.
बकरीचा कान सुकला, वगारीच्या गोचिडा काढल्या,
लुगडं नेसायला मी इतका सरावलो
की चौथ्या-पाचव्या दिवशी निऱ्याही जमल्या.

बाराव्या दिवशी ती आली.
पिशवी ठेवायच्या आधी कोठ्यात गेली,
बाहेर येताना दोरीपाशी थांबली.
"माह्या लुगड्याले बिडीचा वास काहून येते?"
मी पिल्लं मोजून दाखवायला लागलो.

दुसऱ्या पहाटे जाग आली तरी पडून राहिलो.
आधी धार. मग तिचा आवाज, अगदी खालचा:
"पोरीले रातभर कया आल्या, बाई.
रगत थांबेच ना.
भिताडाले टेकून उभी होती मी.
वाटलं, दोघींतलं एकही हाती लागत नाही आता.
याईले काही सांगतलं नाही.
घाबरतात ते."

मी उठलो.
चप्पल घातली नाही, बाजेचा आवाज होऊ दिला नाही.
घमेल्यात ढेप फोडली
आणि भिजत घातली.

ती रातीच घालायची असते,
मला माहीत होतं.