बाराचा एक की दहाचे दोन

वेसाच्या दुकानात तू अडीच तास उभा आहेस, ताइस्तो,
आणि मी व्हॅनचं इंजिन तीनदा बंद करून चालू केलंय.
बाहेर उणे नऊ. क्वोपिओच्या बाजारातून
मासेवालीसुद्धा आवरून गेली.
शेवटी मीही आत येते.

अँप तर केव्हाच घेऊन झालाय:
राईच्या पावाएवढा, अडीच किलो,
बटणं पाच, ताकद पाचशे वॉटची.
मूर्ती लहान, म्हणालास, आणि पुढचं बोलेनास,
कारण कीर्ती यायची ती खोक्यातून,
आणि खोकं कुठलं, तिथंच गाडं अडलेलं.

जुनं आम्ही सगळे ओळखतो.
पंधरा इंची, बेचाळीस किलो,
एका कोपऱ्याचं लोखंड निघालेलं.
हाउकिलाम्पीच्या सभागृहाच्या अकरा पायऱ्या
ते चढवताना तुझ्या कमरेत काहीतरी
ओल्या दोरीसारखं तटकन बोललं,
आणि त्या रात्रीचे टँगो तू बसून वाजवलेस.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
बासवाल्याचं असंच.
असला तर कळत नाही,
थांबला तर जोडप्यांचे पाय एकमेकांवर पडतात.

वेसा घाई करत नाही. कॉफी ओततो, सांगतो:
दहाचे दोन घेतलेस तर बोटांचं बोलणं सुटं सुटं येईल.
बाराचा एक म्हणजे पोटभर आवाज,
आणि वजन अकरा किलो, एका हाताचं काम.
आज आठ ओमचा एक ने, तसाच दुसरा पुढच्या वर्षी,
दोन जोडले की होतात चार.
चाराच्या खाली मात्र जाऊ नकोस,
जीव जळेल बिचाऱ्याचा.

आठ आणि आठ चार!
शाळेत असं गणित असतं, तू म्हणतोस,
तर मी बँकेत असतो.

मग तू बूट काढलेस.
लोकरीच्या मोज्यांवर, फळ्यांच्या जमिनीवर,
डोळे मिटून सगळ्यात खालची तार छेडलीस,
आधी या खोक्यातून, मग त्या.
भिंतीवरच्या गिटारी आपापल्या खुंटीवर कुजबुजल्या.
वेसा माझ्याकडे बघायला लागला.
त्याला काय सांगणार, की आमचे लोक
तळव्यांनी ऐकतात?
'बाराचा,' तू म्हणालास,
टाचेला विचारून.

राहिली पेटी.
मऊ पिशवी सत्तर युरोची, खांद्याला पट्टा.
पोलादी कोपऱ्यांची एकशेनव्वद,
आणि रिकामीच पाच किलो!
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
तू काही न बोलता बाहेर गेलास
आणि व्हॅनमधून बर्फावरच्या मासेमारीचा डबा आणलास,
ज्यावर बसून तू भोकात गळ टाकतोस,
ज्याच्या आत चार बाजूंनी फोम,
आणि तळाशी मागच्या रविवारचा खवला.
अँप आत उतरला. भोवती एक बोट जागा उरली.
वेसाने टेप लावून पाहिला, नाक मुरडलं,
म्हणाला, झाकून वाजवू नकोस,
त्याला मागून वारा लागतो.
'वाजवताना तो बाहेर,' तू म्हणालास, 'मी वर.'

शनिवारी हाउकिलाम्पी.
पायऱ्यांवर रेती टाकलेली, खाली तरी बर्फच.
एका हातात खोकं, दुसऱ्यात डबा,
तू एका दमात वर. मागे वळूनही पाहिलं नाहीस.

एकोणीस वर्षं जुन्याची दुसरी कडी माझ्या हातात असायची.
चौथ्या पायरीवर तू म्हणायचास, थांब.
सातव्यावर मी.
नवव्यावर आपण भांडायचो,
कधी पैशांवरून, कधी पहिलं गाणं कुठलं यावरून,
आणि दारात पोचेपर्यंत ठरलेलं असायचं.

मी खाली, अकॉर्डियन पाठीला, हात मोकळे,
ते कुठं ठेवावेत कळेना.
'काय राहिलं, सिर्क्का?' तू वरून ओरडलास.
'काही नाही,' म्हटलं,
आणि चौथ्या पायरीवर थोडी थांबले.