एकशे सत्तावीस व्होल्ट

पारामारिबोत, नदीकडे उतरणाऱ्या बाजारात
वागिमान केस सरळ करायचे गरम ब्रश विकतो.
स्वतःचं डोकं तुळतुळीत.
दात आहेत तर चणे नाहीत, म्हणतो,
आणि गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच हसून घेतो.

दर नंतर. आधी एकच प्रश्न : केस कसे आहेत?

दाट असतील, राठ असतील, तर लांब दात्यांचा घ्या.
आखूड दात्यांचा मुळापर्यंत जात नाही,
वरवर फिरतो, पाहणीला आलेल्या साहेबासारखा.
पातळ असतील तर आच कमी. आणखी कमी.
रंगवलेले असतील तर खरं सांगा,
मी कुणाला सांगणार नाही, पण ब्रशला कळतंच.
आणि ओल्या केसांत घालायचा नाही, बाई,
मासा तळायचाय का?

खोक्यावर चार बायका आहेत.
चौघींचे केस वाऱ्यावर.
इथला वारा नदीवरून येतो, भिजून,
आणि सकाळी सरळ केलेलं दुपारपर्यंत
पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर जातं.
हे खोक्यावर नाही. वागिमान तोंडी सांगतो.

राजकुमारीबाईंचा शेपटा कमरेखाली.
त्यांना म्हणाला, तुम्हाला ब्रश नको, रजा हवी.
नर्सिंग शिकणारी अजुबा
दाते बोटांनी मोजत उभी राहिली.
सरळ नकोत मला, म्हणाली,
नुसते ताणायचेत, टोपीत मावतील एवढे.
वागिमानने खोकं उलटसुलट करून पाहिलं.
असलं काही लिहिलेलं नव्हतं.
मग त्याने मधल्या आचेवर पेनाने रेघ मारून दिली.

आणि मंगळवारी होर्तेन्सबाई आल्या.
एकाहत्तर वय, हातात ब्रश, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला.
रॉटरडॅमच्या बहिणीने पाठवलाय. तापतच नाही मेला.
वागिमानने चष्मा वर करून मुठीखालचं वाचलं : दोनशे वीस.
हा तिकडच्या विजेवरचा, बाई.
आपल्याकडे एकशे सत्तावीस.
अर्ध्या पोटी किती राबणार तो?

काउंटरखालून ट्रान्सफॉर्मर काढला,
विटेएवढा, विटेइतकाच जड.
फुंकर मारली. धूळ होर्तेन्सबाईंच्याच अंगावर गेली.

त्या स्टुलावर बसल्या.
तोवर लाव तर खरा, म्हणाल्या, आहे तसाच.

तो तापेपर्यंत बोलत राहिल्या.
शनिवारची रात्र. शेगडीत लोखंडी फणी.
आई आधी कागदावर टेकवून बघायची.
कागद काळा झाला तर थांबायचं,
पिवळा झाला तर मान खाली.
कान धर, म्हणायची. आम्ही तिघी बहिणी,
आपापला कान दुमडून, रांगेत.
जळक्या केसांचा वास पडद्यांना,
उशीला, रविवारच्या भातालाही.
रॉटरडॅमवाली एकदा हलली.
तिच्या कानाला अजून खूण आहे.
माझ्याही आहे, पण मी हलले नव्हते.

दिवा लागला. वागिमानने तळहात जवळ नेला :
चहा पिऊन झाल्यावर कप असतो ना, तेवढा.
परत घ्यायला हात पुढे केला त्याने,
पण बाईंनी ब्रश केसांत घातलाही होता.

आता केस उरलेत किती!
कापूस, तोही वेचून झालेल्या बोंडातला.
एकदा ओढला. पुन्हा ओढला.
सरळ काही झालं नाही.
थोडे खाली बसले, मांजर बसावं तसे.
त्यांनी डोळे मिटले.
डावा हात मात्र हळूच वर गेला, न विचारता,
आणि कानाचा शेंडा दुमडून धरून बसला.

वागिमान काहीतरी सांगणार होता,
वॉरंटीबद्दल बहुतेक.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या,
ती वीट ठेव तुझ्याकडेच.