प्रश्न क्रमांक चौदा

मोले चेकनाक्यावर पहाटे साडेतीन.
बेळगावची भाजी अनमोड घाट उतरून आलेली,
ब्रेकला जळका वास.
टॉर्च काखेत धरून मी फॉर्म भरते.

गेल्या चोवीस तासांत झोप किती?
इराप्पा हसतो.
"कुणाची, बाई? माझी की गाडीची?"
चौकट एकच.
पेन्सिल तिच्यावर थांबून राहते.

क्लीनर पोरगा मागच्या चाकाला दगड लावतो
आणि त्याच चाकाला पाठ टेकून
घोरायलाही लागतो.
त्याच्यासाठी रकाना नाही.

सात वाजता फोंड्यात आई
कोथिंबिरीची जुडी नाकाशी नेईल,
म्हणेल, ताजी आसा.

समासात लिहिलं: वय अंदाजे पंधरा.
गाडी निघताना
आधी दगड काढतात
की त्याला उठवतात,
विचारायचं राहिलं.