बडीशेप

जळगावच्या मोठ्या दवाखान्यासमोर, रसवंतीच्या आडोशाला
मथुराबाईची गाडी लागते,
भरीत आणि कळण्याची पुरी, पस्तीस रुपये.
मी एकला जाते.
तोवर ह्यांच्या नळीतून
दोनशे मिली पेज उतरलेली असते.
सिरिंज धुते, टोपण लावते, टॉवेलखाली ठेवते
आणि 'औषधं घेऊन येते' म्हणून निघते.

पहिले चार दिवस खरंच नुसता चहा घेतला.
पाचव्या दिवशी पोट असं बोललं
की शेजारच्या खाटेवरच्या रमजान तडवींनी मान वळवली.

रस्त्याकडे पाठ करून खाते.
भिंतीवर घरपट्टीची सूचना आहे,
तिचा कानामात्रा मला पाठ झालाय.
घास लहान घेते, जसं काही
लहान घासाचं पाप लहान.
काल मिरची झणझणीत होती, डोळ्यांना धार लागली,
तर बरं वाटलं.
निदान रडत खाल्लं.

कुसुमवन्संचा यावलहून फोन:
'वहिनी, जेवल्या का?'
'कुठलं हो, घास उतरत नाही घशाखाली.'
आणि बोलता बोलता गप्प होते.
आमच्या घरात हे नुसतं बोलणं राहिलेलं नाही.
डॉक्टरांनी फोटोत दाखवलंय, कुठे अडतो तो घास.
माझ्या घशातून तर
कांद्याच्या पातीसकट सगळं सरळ जातं.

मग नळावर चूळ, तीनदा.
एक रुपयाची बडीशेप, भुगा होईस्तोवर.
जिना चढताना बोटं हुंगते.
लसूण जात नाही.
खोटं कशाला सांगू,
गेलाय का हे बघायलाच हुंगते असंही नाही.

आणि लपवते कोणापासून?
हा माणूस पौषात मळ्यावर
चाळीस जणांचं भरीत घालायचा.
बामणोदची वांगी, पऱ्हाट्यांचा जाळ,
बडजीत मिरची-लसूण स्वतः ठेचायचा,
दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

मंगळवारी उशी सरकवायला वाकले.
ह्यांनी खुणेनं पेन्सिल मागितली,
केळीच्या काटापट्टीच्या पाठीवर लिहिलं:
'काड्यावरचं का ग्यासवरचं?'

हातातली उशी हातातच राहिली.
'ग्यासवरचं,' म्हटलं.
ह्यांनी नाक मुरडलं. खाली लिहिलं:
'मंग उद्या स्टँडाकडे जाय. पोटभर खाय.
येऊन मले सांग.'

तेव्हापासून सांगते.
पुरी फुगली होती का, शेंगदाणा अख्खा की कुटलेला,
कडेनं तेल सुटलं होतं की कोरडंच.
ऐकताना हे गिळतात.
तोंडात काही नसतं, तरी
गळ्याचं हाड वर जातं, खाली येतं.
सिस्टर पावरा म्हणाली, चांगलाय, व्यायाम होतो.
तडवीही कूस बदलून ऐकतात,
मध्येच म्हणतात, 'मीठ वरून घातलं असेल, बाई.'
आता मी रस्त्याकडे तोंड करून खाते.
चूळ एकदाच. बडीशेपेची पुडी
पिशवीच्या तळाशी पडून.

फक्त आज.
भरीत खाऊन निघाले तर कोपऱ्यावर
हंगामातली शेवटची सीताफळं, डोळे उघडलेली.
एक घेतलं. तिथेच उभ्यानं फोडलं.
किती दिवसांनी खाताना
मनात शब्द जुळवत नव्हते.
गर संपला तरी बी तोंडात फिरवत राहिले,
दोन बस गेल्या समोरून.

वर आले. भरताचं सगळं सांगितलं, करपलेल्या सालीसकट.
ह्यांनी लिहिलं: 'अजून?'
'एवढंच.'
पेन्सिल तशीच धरून होते हातात,
बघत होते माझ्याकडे.
मी पाण्याची बाटली उचलली,
भरलेलीच होती,
बाहेर आले
आणि पिशवीत हात घालून
बडीशेप शोधू लागले.