खोली ११४

आधीचा तास खगोलशास्त्राचा.
ते लोक फळा पुसत नाहीत.
म्हणून आमच्या पहिल्या संध्याकाळी
गुरूचे चार मोठे चंद्र खडूत तसेच होते
आणि खाली कुणाच्या तरी तिरक्या अक्षरात:
परीक्षेत हे येणार का?

मीही पुसलं नाही.
उरलेल्या जागेत कोपराच्या खळगीतल्या
तीन शिरा काढल्या, नावं घातली.
म्हटलं, आठ आठवडे. शंभर वेळा टोचायचं,
त्यातलं निम्मं जिवंत माणसाला.
मग प्रमाणपत्र, मग ताशी अठरा डॉलर,
जागा निघाली तर.
हे शेवटचं मी जरा हळू म्हणते.
फी आधीच भरलेली असते.

बाहेर सॅगिनॉचा जानेवारी.
मिठानं पांढऱ्या पडलेल्या गाड्या,
त्यातली एक चालूच ठेवलेली;
मागच्या सीटवर डनेलची मुलगी झोपलेली
आणि पुढे तिचे आजोबा, टोपी डोळ्यांवर,
तीन तास हीटरचा आवाज ऐकत.

सरावाला रबराचा हात आहे, माझ्याहून जुना.
कुठल्याशा बॅचनं त्याचं नाव स्टॅन्ली ठेवलं.
स्टॅन्लीला कधी दुखत नाही,
तेवढाच त्याच्यात दोष.

टेव्हिअन सहा फूट दोन इंच.
तिसऱ्या आठवड्यात पहिली नळी लाल झाली
आणि तो झाड कोसळावं तसा खाली.
सफरचंदाचा रस पाजला. म्हटलं, बाळा,
वेल्डिंगच्या वर्गात अजून दोन जागा आहेत.
तो म्हणाला, आईनं ओव्हरटाइम करून भरलेत पैसे,
आणि परत हातमोजे चढवले,
डावा उजव्यात, उजवा डाव्यात.

रे गार्झा तीनदा आला.
चौथ्यांदा नाही.
हजेरीत त्याचं नाव अजून घेते,
आणि पुढच्या नावाआधी थोडी थांबते.

लोरेटा प्रुझिन्स्की. वय अठ्ठावन्न.
सव्वीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या.
मग मशीनं एका देशात गेली, मालक दुसऱ्या,
आणि ती आहे तिथेच.
पहिले चार आठवडे ती मागच्या बाकावर बसली.
पुस्तकातले शब्द तोंडात घोळवायची,
गरम बटाट्यासारखे.

माझ्या हाताची शीर सहजासहजी सापडत नाही.
दवाखान्यातल्या जुन्या नर्सही दोनदा माफी मागतात.
म्हणून परीक्षा मी माझ्याच हातावर घेते;
यात थोडा दुष्टपणा आहे, मान्य.
डोळ्यांनी शोधू नका, बोटांनी शोधा,
हे वाक्य मी एकोणीस वर्षं म्हणतेय.
लोरेटानं ऐकलं की नाही कोण जाणे,
तिनं सरळ डोळे मिटले.
शिवणीवरून फिरवावं तसं बोट फिरवलं,
मागे आली, थांबली.
इथे आहे, म्हणाली,
व्हिनाइलखाली दोरी लागते ना, तशी.

एकदाच टोचलं.
नळी भरत गेली तेव्हा वर्गात कुणी हललं नाही,
टेव्हिअनसुद्धा; त्यानं भिंत धरली होती फक्त.
लोरेटा त्या काळपट लाल रेघेकडे बघत म्हणाली,
गंमत आहे, धागा ओवावाच लागत नाही.
मग कापूस दाबून धरला,
सांगितला होता त्याहून जरा जास्त वेळ.

मार्चमध्ये बारांपैकी नऊ जण पास झाले.
तिला डायलिसिस केंद्रात पहाटेची पाळी मिळाली.
मला वाटलं, संपलं.

तर एप्रिलमध्ये ऑफिसातून एक अर्ज परत आला,
मी ओळखते म्हणून माझ्याकडे.
लोरेटा प्रुझिन्स्की, सर्वसाधारण शिक्षण,
खगोलशास्त्र, सहा आठवडे.
'या अभ्यासक्रमाचा रोजगाराशी संबंध'
या रकान्यात तिनं लिहिलं होतं:
चार आहेत
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

कारकुनानं विचारलं, याचं काय करू?
म्हटलं, शिक्का मार.

वेळ साडेचार ते सहा.
खोली तीच.