तिसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक

पहिल्या वर्षी कान पाठ केला.
हातोडी, ऐरण, रिकीब:
लोहाराच्या घरची तीन हाडं,
तिन्ही मिळून अंगठ्याच्या नखावर मावतील एवढी.
दुसऱ्या वर्षी जीभ.
तळघरात, फॉर्मलिनच्या वासात
कुणा बिननावाच्या माणसाची हातात घेतली,
वाटलं होतं त्याहून लांब निघाली,
मुळाशी थेट गळ्यात उतरलेली.
त्या रात्री मेसमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

तिसऱ्या वर्षी माणसं दिली.

केपटाउन, विमानतळापलीकडची वाळू,
पत्र्यांच्या घरांमधला दवाखाना,
दर मंगळवारी खोली क्रमांक चार.
वय पाच. मार्चपासून दोन्ही कानांत यंत्रं,
साच्यांचा रंग तिनेच निवडलेला, पोपटी.
नाव लिहायचं तर न्चुमिसा,
पण हा च चमच्यातला नव्हे, चिमणीतलाही नव्हे.
हळहळताना जीभ दातांमागून सुटते ना, तो.
अर्थ: हसवणारी.

ती स्वतःला म्हणते, न्तुमिसा.
मी तिला म्हणते, न्कुमिसा.
तिच्या त-वर फायलीत फुली आहे.
माझ्या क-साठी रकाना नाही.

मी लॉरेटा सप्टेंबर.
घरात आफ्रिकान्स, देवाशीही आफ्रिकान्स.
पणजोबांचे पणजोबा ज्या महिन्यात विकले गेले
तो महिना आमचं आडनाव झाला,
असं आई सांगते, बटाटे सोलता सोलता,
वर न बघता.
परक्या तोंडाने ठेवलेलं नाव किती पिढ्या टिकतं
यावर मला परीक्षेत प्रश्न आला नाही.

काचेच्या पलीकडे मिसेस म्कोबोली,
मांडीवर मूल्यांकनाचा कागद.
अलीकडे मी, ती, आरसा, मधाची बाटली,
आणि सातासमुद्रापारहून आलेला चित्रांचा गठ्ठा.
बर्फाचा माणूस दाखवला. ती म्हणाली, पीठ.
फुली.
टूं ऐकू आलं की ठोकळा बादलीत टाकायचा,
तर आवाज नसतानाही तिने दोन टाकले,
मला बरं वाटावं म्हणून.

मग आला तो आवाज.
दातांमागे मधाचं बोट लावलं, तिच्या, माझ्या.
हं, बघ माझ्याकडे:
जीभ चिकटली.
पुन्हा: थुंकी उडाली.
पुन्हा: भलताच कुठलातरी ट.
सातव्यांदा ती आरशातून वळली,
सपाट जमिनीवर घसरलेल्या मोठ्या बाईकडे बघावं
तशी माझ्याकडे बघत राहिली,
मान हलवली,
आणि तिच्या तोंडून निघालं
च्‌ च्‌ च्‌.

ओलं. स्वच्छ. तीनदा.

परत कर, मी म्हटलं, परत कर ना.
पण आता कीव करण्यासारखं काही उरलं नव्हतं.
नाव विचारलं तर न्तुमिसाच.

बाहेर बाकावर तिची मावशी स्वेटर उसवत बसली होती.
म्हणाली, हात्तिच्या, हे का?
हे तर ती घरी दिवसभर करते,
कोंबडीने पाणी सांडलं की.

शंभरात अठ्ठावन्न.
शेरा: ठरलेली कृती पाळली नाही.
आवाज मिळाला. कसा, ते लिहून द्या.

गच्च भरलेल्या टॅक्सीत
मांडीवर तो कागद, खिडकीला डोकं टेकलेलं,
मी आपली जिभेने दातांचं दार ठोठावत होते,
च्‌,
च्‌,
आठ थांबे.
शेजारचा म्हातारा चुळबुळला,
टोपी काढून हातात धरली,
हळूच विचारलं, कोण गेलं, पोरी?

कुणी नाही, बाबा. एक नाव शिकतेय.
कुठलं?
सांगितलं. जमलं तसं.
त्याने टोपी परत घातली.
मग एवढं तोंड पाडून का म्हणतेस, म्हणाला.