थांबा क्रमांक सात

सहा पन्नासला डोळ्यांना अजून रंग कळत नाहीत,
म्हणून आधी कान.
माघातल्या सागाच्या पानांवरून चालणं
म्हणजे पापड मोडत मोडत चोरीला जाणं.
थांब्यावर पोचलं की दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं,
जंगलाला आपला विसर पडू द्यायचा.
मग दहा मिनिटं मोजायची.

असं करत करत सातवा थांबा, आठ बत्तीस.
कारवीच्या काड्यांत ऊन उतरलेलं.
कुटुर्गा एक, ऐकला.
सुभग, जोडी.
सातभाई सहाच. सातवा कुठाय विचारायचं नसतं,
लिहायचं: सहा.
विमान, एक. त्याला रकाना नाही,
पण त्या चाळीस सेकंदांत बहिरी होते
हे प्रामाणिकपणे नोंदवते.
ऐनाच्या सुसरपाठीशी नाचण पंखा उघडते, मिटते.
ते नाचणं कुणासाठी नाही,
किडे उठवायचे असतात तिला.

आणि शीळ.
दोन आखूड, एक लांब, शेवटाला किंचित वाकलेली.
मी पाड्याच्या वाटेकडे वळलेसुद्धा.
काकड वरठा शेळ्यांना अश्शीच घालायचा.
त्याची काळी बिजली मान न वळवता पाला ओरबाडत राहायची
आणि तो म्हणायचा,
"हिला ऐकू जातं, बाई. हिला यायचं नसतं."

पाडा उठला त्याला तीन वर्षं झाली.
काकड आता चांदिवलीत, अकराव्या मजल्यावर.
मी गेले होते एकदा. चहा झाला.
खिडकीतून खालचं झाड दाखवून विचारलं, कसलं हो हे?
बराच वेळ वाकून बघत राहिला.
"वरून नाही ओळखू येत," म्हणाला,
"मी सगळी बुंध्याकडून ओळखली."
शेळ्यांचं मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं,
कुर्ल्याच्या माणसाला दिल्या.

शीळ परत आली, या वेळी वरून.
निष्पर्ण सावरीवर भृंगराज,
शेपटीच्या दोन तारा, टोकाला दोन काळी पानं.
आधी शिक्रा झाला तो. मग मांजर.
मग घसा साफ केल्यासारखं काहीतरी,
आणि पुन्हा काकड:
दोन आखूड, एक लांब.
तेव्हाचाच हा पक्षी, की त्याच्याकडून शिकलेला दुसरा?
पायात वळं नाही. सांगता येत नाही.
खाली घाणेरीच्या जाळीत काही हललं.
मी दुर्बीण वळवली.
सरडा.

भृंगराज, एक. पाहिला. उंची अंदाजे बारा मीटर.
शेऱ्याच्या रकान्यात इंचभर जागा असते.
'शेळ्यांना बोलावतो' असं लिहिलं त्यात.
शिसपेन्सिल होती,
खोडता आलं असतं.